चुलीपाशी राहिलेला धडा

ताई गेल्याची तार आली तेव्हा मी गोंदियात, माझ्या घरी होते. तेरवी होईपर्यंत बालाघाटला तिच्याच घरी राहिले आणि तिथं ती पावलोपावली आठवत होती… तिचं बोलणं, खाकरणं, माझ्यावर डाफरणं, सगळं. छोट्या रुळांवरच्या आगगाडीनं गोंदियाला परत आले, चहा ठेवला, आणि लक्षात आलं की ताईचा आवाज काही केल्या कानाशी येत नाहीये. जीव चरकला माझा. भाऊजी आता मुलाकडे राहायला जाणार, ते भाड्याचं घर सुटणार. आवाज त्या घरातच राहून गेला तर?

तेव्हा मला तिची हिंदीची परीक्षा आठवली. ताई प्राथमिक शाळेत मास्तरीण. छप्पन सालानंतर नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, आणि मराठीचे वर्ग कमी होत गेले. हिंदीत शिकवायचं तर तोंडी परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा, असं झालं. भाऊजींची तब्येत तोळामासा, घर तिच्याच पगारावर. बाजारातली हिंदी ती फाडफाड बोलायची, पण पुस्तकातली वेगळी. रोज चुलीपुढे तांदूळ निवडता निवडता तिनं धडे पाठ केले. परीक्षेत खुर्चीवर बसली आणि तोंडाला कुलूप! रडतच घरी आली.

"मले सारं येते वं," ती म्हणाली. "चुलीपाशी येते, मंग तिथं काहून येत नाही?"

माझं लग्न व्हायचं होतं, मी तिच्याकडेच राहत होते, आणि नसत्या उठाठेवी करायची मला भारी हौस. विहिरीवर विचारलं, अडखळली. अंगणात विचारलं, अर्धं आलं. चुलीपुढे बसवलं, तर न विचारलेलंही सांगून मोकळी झाली. मला तर गंमतच वाटली. डोकं काय धड्याबरोबर धूर, कोंडा, भाताचा वाससुद्धा एकाच गाठोड्यात बांधतं? भाऊजी म्हणाले, डोक्यावर चूल घेऊन जा परीक्षेला. ताई हसली नाही.

"चूल तं नेता येत नाही," ती म्हणाली. "धडाच घराबाहेर काढू."

मग काय विचारता! वैनगंगेच्या घाटावर धडा, आठवडी बाजारात धडा. रामपायलीच्या बसमध्ये ती इतक्या तालात पुटपुटत होती की शेजारच्या म्हाताऱ्यानं तिला कथा सांगणारी बाई समजून हात जोडले. मी खिडकीत तोंड घालून हसत होते, पण ती थांबली नाही. पुढच्या खेपेला परीक्षकानं तिला फळ्यापाशी उभं करून विचारलं. ती पास झाली. त्यानंतर तिच्या वर्गातली पोरं रोज जागा बदलून बसायची, कधी झाडाखाली, कधी व्हरांड्यात. इन्स्पेक्टरनं हटकलं तरी तिनं ऐकलं नाही.

तर आता मी तिला घराबाहेर काढतेय. भाजी घेताना तिचं एखादं वाक्य आठवून बघते, टपालाच्या रांगेत बघते, वाण्याकडे बघते. पहिले काही दिवस नुसते शब्द यायचे, कोरडे. काल दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. ताईनं कधी पाहिलासुद्धा नाही तो दवाखाना. आणि एकदम, अगदी तिच्या त्या करड्या सुरात, "जेवली का वं?"

शेजारची बाई वळून बघायला लागली. मी मोठ्यानं "हौ" म्हणाले होते.