आजोबांची गोळी

चिनू, ईशा,

तुमची आत्या कस्टममध्ये आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नकली माल कसा ओळखावा, हे शिकायला सध्या तिच्याकडे देशोदेशीचे अधिकारी आले आहेत. काल त्यांच्यातल्या केनियाच्या ग्रेसला तिने घरी चहाला आणलं.

चहा होईपर्यंत आजोबांनी रक्तदाबाची गोळी काढली. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून पाकीट दुसरीकडून आणलेलं. ग्रेसने ते त्यांच्या हातातून घेतलं, खिडकीशी नेलं, छापील नावावरून अंगठा फिरवला आणि जुनं पाकीट मागून शेजारी धरलं.

"अगं, पाहुणी आणलीस की झडती?" आजोबा आत्याला म्हणाले.

आत्या हसली नाही. ग्रेसच्या आईच्या गोळ्या नकली होत्या, तिने मला हळूच सांगितलं. ते कळेपर्यंत आई गेली होती.

"चांगली आहे, घ्या," असं इंग्रजीत म्हणत ग्रेसनेच पाण्याचा पेला पुढे केला.

एकाचं नाव किंवा शोध दुसऱ्याने चोरू नये म्हणून असलेले बौद्धिक संपदा हक्क म्हणजे मला आजवर मोठ्या कंपन्यांचं आपसांतलं भांडण वाटायचं. पण पाकिटावरचं नाव वाचून आपण डोळे मिटून गोळी गिळतो. तो भरवसा खरा ठरावा म्हणून कुठल्या कुठल्या बंदरांत अनोळखी माणसं खोकी उघडून बघत असतात. तुमच्या तिकडच्या औषधांवरूनही असाच कुणाचा तरी अंगठा फिरत असेल, या विचाराने मला फार बरं वाटलं.

आजोबांचा घोट उतरेपर्यंत ग्रेस उभीच होती.

"आता बस, पोरी," ते मराठीतच म्हणाले, आणि ती बसली.

तुमची आजी