बाळूशेठच्या घरासमोर

आदिलच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. बाकीची दोन गव्हाणला बाळूच्या अंगणात पडली. ती मी ओढणीत गुंडाळून दवाखान्यात नेली, तर डॉक्टर म्हणाला, मातीत फार वेळ होती, आता जोडता येणार नाहीत.

मी मनिषा. पनवेलला एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मी तोंडाने फटकळ, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणाला राग यायला नको. आदिल माझ्या दुकानात एक टेबल भाड्याने घेऊन बसतो. सहा वर्षं कुवेतला एका फर्निचरवाल्याच्या ऑफिसात जाहिरातींचं काम करून आला, आणि आता इथल्या धंदेवाल्यांच्या वेबसाइटवर माणसं आणून देतो. फेसबुक, इन्स्टा, गुगल, सगळं. अंगाने काडी, आवाज असा की शेजारी बसूनही दोनदा विचारावं लागतं.

पहिल्याच वर्षी त्याने मार खाल्ला. उदयसिंह म्हणून जिमचं सामान विकणारा एक दांडगा होता. त्याला व्हायरल व्हायचं होतं. आदिलने रील बनवली, दोन लाख लोकांनी बघितली, आणि दुकानात कुत्रं फिरकलं नाही. बघणारे कोण? पाटण्याची, लखनौची पोरं! ती काय डंबेल घ्यायला पनवेलला येणार होती? उदयसिंह माझ्या दुकानात आला आणि माझंच स्टूल उचलून त्याने आदिलच्या डोक्यात घातलं. भुवई फाटली, रक्त कीबोर्डवर. मी लोखंडी पट्टी घेऊन त्या रेड्याला स्टँडपर्यंत पिटाळलं. परत आले तर आदिल एका हाताने रुमाल दाबून दुसऱ्या हाताने टाइप करत होता.

"ताई," तो म्हणाला, "अल्लाह कसम, आजपासून गर्दी आणायची नाही. गिऱ्हाईक आणायचं."

आणि ते तो शिकला. कोण काय शोधतंय, कुठून शोधतंय, कोणत्या शब्दाने शोधतंय, ह्याच्या मागे हात धुऊन लागला. रिकामटेकडे आधीच गळले पाहिजेत, म्हणायचा. त्यासाठी पानावर सगळं खरं आणि नेमकं लिहायचं. ज्याला घ्यायचंच नाही तो नेमकं वाचून पळतो.

मागच्या वर्षी दयाराम त्याच्याकडे आला. हा दयाराम गव्हाणचा, आणि गव्हाण माझं माहेर. मला हे सगळं नंतर कळलं, कारण दयाराम माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही. आदिलला स्टँडमागच्या चहावाल्याकडे बोलवायचा. मी गावची, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्याला ठाऊक होतं. काय चुकला?

त्याचं म्हणणं साधं होतं. वाटणी झालेली, सातबारा त्याच्या नावावर, पण थोरला भाऊ जमिनीत पाऊल टाकू द्यायचा नाही. टाकलं की मारायचा. एकदा बरगडी मोडली, एकदा भर लग्नात कानाखाली वाजवून कानाचा पडदा फाडला. दयारामला ती जागा गुपचूप विकून बायकोला, कोमलला, घेऊन पनवेलला यायचं होतं.

"दादाला कळलं तर जित्ता नाय ठेवायचा मला," तो आदिलला म्हणाला. "खरेदीखत होईस्तवर कळता कामा नाय."

दादा. प्रत्येक वेळी दादाच. आमच्याकडे थोरल्याचं नाव धाकटा तोंडात घेत नाही, बरगडी मोडली तरी घेत नाही. आदिलने कधी नाव विचारलं नाही, दयारामने सांगितलं नाही.

आदिलने पान बनवलं. फोटो, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, विमानतळापासूनचं अंतर. मालकाचं नाव नाही. खाली स्वतःचा नंबर. गुगलवर गव्हाणची जागा शोधणाऱ्यालाच दिसेल अशी जाहिरात, तीही फक्त मुंबई आणि नवी मुंबईत. सगळं तयार, फक्त जागेची खूण राहिली. दयारामचा फोन लागेना. शनिवारी दुपारी माझ्या मशीनमध्ये कागद अडकला होता, पाच माणसं माझ्या नावाने खडे फोडत होती, आणि हा मागून विचारतो, "ताई, गव्हाणला ओढ्याच्या पलीकडे जांभळाखाली जागा आहे, तिथं जायला खूण काय टाकू?"

"बाळूशेठच्या घरासमोर टाक," मी मान न वळवता ओरडले. "शेंबडं पोरही दाखवेल. आता डोकं खाऊ नकोस!"

जागा कोणाची, हे मी विचारलं नाही. गावात सगळ्या खुणा बाळूच्याच नावाने सांगतात, कारण सगळे त्याला भितात. आदिलने ते तसंच लिहिलं.

रविवारी सकाळी अकराला आदिलचा फोन वाजला. खारघरचा सत्यजीत म्हणून कोणी गिऱ्हाईक. आदिलने स्पीकर लावला. "अहो, आम्ही जागेवर आलोय. आमच्या आधी दोन गाड्या आल्यात. समोरच्या घरात विचारलं विकायची जागा कोणती, तर तो माणूस पिसाळलाय. कोणाला तरी घरातून ओढून मारतोय. तुम्ही या हो!"

आदिलला वाटलं होतं, लोक आधी फोन करतील. पण खरं गिऱ्हाईक कशाला फोन करतंय? ते रविवारी बायकोला गाडीत घालून आधी जागा बघून येतं. आणि त्याने आणलेलं गिऱ्हाईक खरं होतं.

"ताई," त्याने विचारलं, "दयारामच्या भावाचं नाव काय?"

"कोणता दयाराम? आमच्या गावचा? बाळू. का रे?"

त्याने माझ्या स्कूटरची चावी उचलून माझ्या हातात कोंबली. तेव्हा कुठे त्याने मला सगळं सांगितलं, तेही स्कूटरवर, मी चालवत असताना. पोलिसांना फोन त्याने मागे बसून लावला. त्या रस्त्यावर मी देवाला शिव्या दिल्या, बाळूला दिल्या, आदिलला दिल्या. स्वतःला दिल्या नाहीत.

अंगणात पोचलो तेव्हा दयाराम पालथा पडला होता. फावड्याच्या दांड्याने डोकं फोडलेलं, दांडा मोडून बाजूला. कोमल बाळूच्या पायाला मिठी मारून किंचाळत होती. बाळूने तिला लाथेने झटकलं आणि वळचणीचा कोयता काढला. गाव कुंपणापलीकडे उभं. एक माईचा लाल पुढे येईना!

आदिल धावला. ज्याचा आवाज शेजारी ऐकू येत नाही तो आदिल दयारामच्या अंगावर आडवा पडला आणि हात वर केला. कोयता त्या हातावर बसला. दुसरा वार व्हायच्या आत मी हेल्मेट दोन्ही हातांनी बाळूच्या तोंडावर हाणलं. तो पडला, तरी हाणत राहिले. त्याचे तीन दात गेले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. सगळा वेळ आदिलच्या खिशात फोन टिंग टिंग करत होता. जागेबद्दल विचारणारी माणसं. सगळी खरी.

दयाराम तिसऱ्या दिवशी गेला. बाळू तुरुंगात आहे. आदिलने ते पान उजव्या हाताने पुसून टाकलं. पोलिसांनी विचारलं, खूण कोणी लिहिली? तो म्हणाला, मी. ते खोटं नव्हतं.

महिन्याने कोमल दुकानात आली. पांढरीफटक. टेबलासमोर उभी राहिली.

"तुला कोणी सांगितलं रे त्याचं घर?" तिने विचारलं. "माझ्या माणसाने तर नाव घेतलं नसंल. कोणी सांगितलं?"

मी मशीनपाशी उभी होते. चार पावलांवर.

"मीच नकाशात बघून टाकलं, भाभी," आदिल म्हणाला. "चूक माझी."

कोमलने त्याच्या थोबाडीत मारली. मग आणखी एक. तो हललाही नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर तसाच. ती रडत गेली आणि मी, जी उदयसिंहला पट्टी घेऊन स्टँडपर्यंत पळवते ती मी, कागदाचा गठ्ठा हातात धरून उभी राहिले.

"का खोटं बोललास?" मी विचारलं तेव्हा माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

"तुमचं माहेर आहे तिथं, ताई," तो म्हणाला. "तुम्हाला तिथं जावं लागतं."

मी अजून गेलेले नाही. उद्या जाणार आहे, आधी कोमलच्या दारात. ती मारेल तर मारू दे. त्या दोन्ही थपडा माझ्या होत्या.