बैलांचा सोमवार

आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाच्या वाहनाचा तो आरामाचा दिवस. निजामाच्या राज्यात, मी वीस वर्षांचा असताना, या नियमाच्या आड मी एक गोष्ट लपवली. ती अजून कुणाला सांगितलेली नाही.

श्रावणात मी आक्काला सासरी पोचवायला निघालो होतो. जाफराबादहून परतूरला, बैलगाडीनं. पाऊस थांबत नव्हता, चाकं चिखलात रुतत होती. रविवारी संध्याकाळी परतूर सहा-सात कोसांवर राहिलं आणि बैल थकले. वडील ज्या म्हाताऱ्या धनगराकडून घोंगड्या घेत, त्याच्या घरी आम्ही उतरलो. आक्काला घाई होती. दाजी हैदराबादला कारखान्यात होते. रजा संपवून मंगळवारी सकाळच्या रेल्वेनं ते निघणार होते, आणि मग दिवाळीपर्यंत भेट नाही.

"मंगळवारी पहाटंच निघालो तर सापडतील का रे?" तिनं विचारलं.

"बघू," मी म्हणालो. सोमवारी गाडी जुंप, असं ती म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी आक्का आत म्हातारीबरोबर लोकर निवडायला बसली आणि मी पडवीत मागापाशी गेलो. म्हातारा खड्ड्यात पाय सोडून विणत होता. ओल्या लोकरीचा आणि शिजवलेल्या चिंचोक्यांचा वास पडवीभर कोंदला होता. चिंचोक्यांची खळ सुताला कशाला लावता, मी विचारलं. त्यानं खळीतलं आणि बिनखळीचं, असे दोन धागे माझ्या हातात दिले. "वढून बघ." बिनखळीचा चट्कन तुटला. घोंगडीतून पाऊस आत का येत नाही, असं विचारल्यावर त्यानं घोंगडीची झोळी करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी पाऱ्यासारखं फिरत राहिलं. खाली हात धरून मी किती वेळ बसलो होतो, कोण जाणे. हात कोरडाच.

एवढ्यात तो म्हणाला, "पाव्हणं, शेठजीची घोडागाडी दुपारी परतूरला चालली. शेठाणी हाय संगं. दोघांची जागा हाय. बैल ठिवा माझ्यापाशी."

घोड्याला सोमवार नसतो. संध्याकाळी आक्का घरी पोचली असती. पण तिला एकटीला धाडता येत नव्हतं, दारापर्यंत सोबत भावानंच जायची रीत. आणि दुपारनंतर म्हातारा धोटा माझ्या हातात देऊन मला विणू देणार होता.

"आक्काचं डोकं दुखून राह्यलंय," मी म्हणालो. "उद्याच जातो."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "माग काय पळून चालला का?" एवढंच बोलला आणि पुन्हा विणायला लागला.

दुपारी मी धोटा फेकला. पहिल्या चार ओळी ढिल्या आल्या, त्यानं हसत उसवल्या. बाहेर घोड्याची घुंगरं वाजत गेली. आत आक्का म्हातारीशी बोलत होती.

मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा रेल्वे जाऊन दोन तास झाले होते.

"काल यायला काय झाल्तं?" आक्काच्या सासूनं दारातच विचारलं.

"सोमवार होता, आत्याबाई. भाऊनं बैल जुंपले न्हाईत."

"बराबर केलं. आजकालची पोरं कुठं पाळत्यात?" त्यांनी माझ्या भाकरीवर तूप वाढलं. ओट्यावरच्या दोरीवर दाजींचा सदरा वाळत होता. आक्कानं तो चाचपून पाहिला. अजून ओला होता.

त्या दिवाळीला दाजींना रजा मिळाली नाही. संक्रांतीनंतर आले.

आता आक्काच्या घरी सुना आहेत. गेलो की ती त्यांना सांगते, माझ्या भावानं भर पावसात, नवरा निघून जात असतानाही बैलांचा सोमवार मोडला नाही. सुना माझ्याकडे आदरानं बघतात. मी मान खाली घालून जेवतो.

आक्काला वाचता येत नाही. पोळा झाला की जाईन आणि हे कागद तिला मीच वाचून दाखवीन. सुना असतील तर त्यांच्यासमोरच.