दिवेलागणीला निघणारा प्लग

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आणि आजही आहे की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. हडपसरच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतो, आणि तेच काम घरी फुकट करतो असं माझी बायको मेधा म्हणते. स्वभावच संशयी. दूधवाल्यापासून देवापर्यंत कोणी सुटत नाही.

आम्ही कोथरूडला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतो. तेव्हा आई आमच्याजवळ होती. तिची फुफ्फुसं थकली होती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र जवळजवळ दिवसभर लागायचं, नाकात नळी. ते बंद पडलं तर छोटा सिलिंडर होता, पण तो थोडाच वेळ पुरायचा. आणि तिला एकच ध्यास होता — फलटणला कुसुममावशीला भेटायचं. मावशीही अंथरुणाला खिळलेली. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की आई भिंतीकडे तोंड करून पडायची. ते मला बघवायचं नाही.

म्हणून मी एक जुनी स्कूलव्हॅन घेतली. सीट काढल्या, पलंग बसवला, यंत्राला जागा केली. रस्त्यात इन्व्हर्टरवर चालेल, पण मुक्कामाला कुणाच्या तरी घरातून वायर ओढावी लागणार. गावाकडचं व्होल्टेज म्हणजे लहरी कारभार. एक झटका आला की यंत्र जळणार, आणि मग आईचं काय? तेव्हा गाडीला सर्ज प्रोटेक्टर हवाच होता.

बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, फ्रिजसाठी हवाय की टीव्हीसाठी. म्हटलं, गाडीसाठी.

“गाडीला स्टेपनी असते,” तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

शेवटी सगळं समजावल्यावर त्याने एक जाडजूड डबा काढून दिला. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे अर्थिंग नाही. मी तो स्वतः गाडीत बसवला, यंत्राच्या अलीकडे, स्क्रू आवळून. मग आमच्या गॅलरीतल्या पॉइंटमधून खाली पार्किंगमध्ये वायर सोडली आणि रोज गाडीत टेबलफॅन लावून चाचणी सुरू केली. हिरवा दिवा छान लागला. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, “गाडी तुमची आहे, भिंत सोसायटीची आहे.” आम्ही पुणेकर, एवढं चालायचंच.

कटकट केली ती आईनेच.

“अरे, दिवेलागणीला घरातलं दूध, मीठ, विस्तव बाहेर देत नाहीत. तू तर अख्खा दिवाच बाहेर नेलायस.”

मी हसलो. म्हटलं, हा विस्तव नाही, टू-थर्टी व्होल्ट आहेत. ती म्हणाली, तेच ते.

त्या संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर फॅन बंद. वर जाऊन बघतो — प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी... आता संशय कुणाचा येणार? आईचा. नळी गॅलरीपर्यंत पुरत होती. विचारलं तर म्हणाली, मी नाही काढला. माझी आई खोटं बोलायची नाही, पण खरंही निम्मंच सांगायची. मग सेक्रेटरींचा संशय आला. मग समोरच्या देवधरकाकूंचा, कारण आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. मी ती परत मागून घेतली. त्या दुखावल्या. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

मग टेस्टरने करायचं ते केलं. प्लग पॉइंटमध्ये बसवून वरून रुंद चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही ठोकली.

रविवारी खरी चाचणी होती. मेधा आणि मी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं, गाडीतल्या पलंगावर निजवलं, इन्व्हर्टर मुद्दाम बंद ठेवून यंत्र वायरवर चालू केलं. घराला कुलूप. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. हिरवा दिवा लागलेला. आई खिडकीतून बघत होती, खूश होती, फलटणला कोणती साडी नेसायची ते मेधाला सांगत होती. ऊन उतरलं, समोरच्या घरात तुळशीपाशी निरांजन दिसलं... आणि यंत्र किंचाळायला लागलं. हिरवा दिवा गेला होता.

मेधाने पटकन सिलिंडर लावला. मी जिना चढून वर धावलो. भयंकर चिडलो होतो, आज कोण सापडतं ते बघतोच म्हणत होतो. कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नाही. प्लग काढलेला, वायर गुंडाळलेली. माझ्या सहीची पट्टी कठड्याला हलकेच चिकटवून ठेवलेली, आणि तिचं टोक दुमडलेलं.

टोक दुमडायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला. पुढच्या वेळी नखाने कोरत बसायला नको म्हणून आई चिकटपट्टीचं टोक नेहमी दुमडून ठेवायची. आणि आई खाली गाडीत होती. माझ्या डोळ्यांसमोर.

मी प्लग उचलला. परत लावणार, इतक्यात गॅलरीतला बल्ब पांढराफटक झाला आणि फुटला. घराघरांतून फटफट आवाज, जळका वास, आरडाओरडा. रस्त्यावरच्या लाइनचा न्यूट्रल तुटला होता आणि बिल्डिंगमध्ये जवळजवळ दुप्पट व्होल्टेज आलं होतं. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज. देवधरकाकूंचा मिक्सर पेटला.

आईचं यंत्र वाचलं. म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. शिवाय प्रोटेक्टर होताच ना? पण संशयी माणूस, डबा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने उघडून बघितला, चष्मा काढला. आत झटका अडवणारा भागच बसवलेला नव्हता. नुसता हिरवा दिवा. त्याने दुसरा डबा दिला, तोही आधी उघडून दाखवून. प्लग जागेवर असता तर यंत्र माझ्यासमोर जळालं असतं.

घरी आल्यावर आईला विचारलं, खरं सांग.

“मी उठून वर गेले असते, तर तुला दिसले नसते का?” ती म्हणाली. नेहमीसारखं निम्मंच.

फलटणला गेलो. पोचलो तेव्हा नेमकी दिवेलागण झालेली. मी वायर घेऊन मावशीच्या घरात शिरलो तर ती खाटेवरूनच म्हणाली, “आत्ता नको रे.” मी मुकाट्याने थांबलो. इन्व्हर्टर रस्त्यातच उतरला होता, म्हणून तेवढा वेळ आईला सिलिंडर लावून मावशीच्या खाटेपाशी बसवलं. दोघी हातात हात घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यासाठी मी सगळं पुन्हा केलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. गाडी अजून आहे. बॅटरी उतरू नये म्हणून तीच वायर सोडतो, सवयीने वर चिकटपट्टीही लावतो, आणि दिवेलागणीच्या आत काढून ठेवतो. न्यूट्रल का तुटला ते मला समजावता येतं. डबा पोकळ का होता, तेही. प्लगचं नाही येत.

परवा ऑफिसात अडकलो. मेधा माहेरी होती. घरी पोचलो तर प्लग निघालेला, वायर गुंडाळलेली. पट्टी कठड्यावर, टोक दुमडलेलं.

या वेळी मी कुलूप तपासलं नाही. ते टोक धरलं आणि पट्टी सहज निघाली.