बिनआवाजाचा कॅमेरा

अक्कलकोट रोडला आमच्या शेजारी प्रभुलिंग बिराजदारचा फोटो स्टुडिओ आहे. "मान वर करा, पोट आत घ्या," असं गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस. त्याच्यापुढे कुणाला हसूच येत नाही.

लग्नांसोबत तो मयतीचेही फोटो काढतो. आम्हा लिंगायतांत मयताला विभूती लावून, हार घालून बसवतात आणि घरचे शेजारी बसून शेवटचा फोटो काढून घेतात. जुन्या कॅमेऱ्यातला आरसा प्रत्येक फोटोला खाडकन उडायचा, अंधाऱ्या खोलीत फ्लॅशही मारावा लागायचा. रडणारी माणसं दचकायची. म्हणून त्यानं बिनआरशाचा, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला. त्याला कमी उजेड पुरतो आणि आवाज पार बंद करता येतो. "एवढासाच कॅमेरा?" म्हणून लग्नवाले नाक मुरडतात. तो त्यांच्यावरही खेकसतो.

गेल्या महिन्यात माझी आई गेली. मी तिच्या शेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला. लहानपणानंतर तो कधी धरलाच नव्हता. प्रभुलिंग कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. सवयीनं मी त्या खाडकन आवाजाची वाट बघत, न हलता बसून राहिलो. दारात माणसं खोळंबली, तसा मी चिडलो.

"प्रभुलिंग, झाला का न्हाय फोटो?"

"कवाच झालाय की," तो हळूच म्हणाला. "बसा तुमी."

मग कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावून तो दारातल्या माणसांवर खेकसला, "फोटो चाललाय हितं! थांबा जरा!"