वाट पाहणाऱ्या गावात: रोहा ते पेण

या वेळी रोहा-पेणला दुसरं कोणी गेलं असतं तरी चाललं असतं. मीच हात वर केला, कारण मला पेणकडच्या अनसूयाकाकीला भेटायचं होतं.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. खेड्यांतल्या लोकांचं ब्लडप्रेशर आटोक्यात यावं म्हणून एक कार्यक्रम आहे. गावातलीच एक बाई आरोग्यताई म्हणून नेमतात. ती दर आठवड्याला घरी येते, गोळ्या घेतल्या का विचारते, मीठ आणि मिश्री कमी करायला लावते, बायकांना फिरायला नेते. याने खरंच फरक पडतो का, हे शोधणं आमच्या गटाचं काम. त्यासाठी सारखी-सारखी दोन गावं घ्यायची. एकात कार्यक्रम आत्ता सुरू करायचा, दुसऱ्यात वर्षाने. मग दोन्हीकडे मोजायचं. अशा आमच्या दोन जोड्या: दोन गावं रोह्याकडची, दोन पेणच्या खाडीकाठची. आधी कोण, नंतर कोण, ते चिठ्ठी टाकून ठरलं. काकीच्या गावाला ‘नंतर’ची चिठ्ठी आली.

पहिल्या फेरीत मी काकीच्या घरी राहिले होते. मिठागरावर काम करणारी, मोठ्याने हसणारी बाई. तिचा आकडा इतका वर होता की मी तीनदा मोजला. पेणच्या सरकारी दवाखान्यासाठी पत्र दिलं, ती गेली, गोळ्या सुरू झाल्या. मग म्हणाली, “माज्याकडं ताई कदी येनार गो?”

“तुमच्या गावात वर्षाने, काकी. पण गोळ्या रोज घ्यायच्या.”

“व्हय व्हय, घेतंय.”

घेतेय का, एवढंच मला या फेरीत बघायचं होतं. फोन लागत नव्हता. मिठाच्या दिवसांत फोन घरीच पडून असतो, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. आई शेजारणींना सांगते, “पोरगी गावोगाव बीपी मोजते.” निघताना तिने चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

पुण्याहून जायचं तर ताम्हिणीचा रस्ता धरा. स्वारगेटहून सकाळची एसटी मिळते, डाव्या बाजूची खिडकी धरा. फेब्रुवारीत धबधबे नसतात, पण झाडांची पानं गळत असतात आणि दऱ्या लांबवर दिसतात. कोलाडला उतरून रोह्याला दुसरी गाडी किंवा शेअर रिक्षा. मुक्काम रोह्यालगतच्या अष्टमी गावाच्या पुलाजवळ साध्या लॉजवर केला, हजाराच्या आत खोली मिळाली. पंखा आवाज करतो, पाणी गरम येतं. संध्याकाळी पुलावर उभं राहून कुंडलिका नदी बघावी. कंपनीच्या शिफ्टच्या बसेस मागून जातात आणि पूल थोडा थरथरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या गावात पोचले, तर सुरेखाताईंची पलटण शेताच्या बांधावरून येताना दिसली. सुरेखाताई तिथल्या आरोग्यताई. मागे दहा-बारा बायका, पायांत रबरी चपला, डोक्यावर पदर.

“दिवसभर राबतो, तरी हिला आमी चालायला पायजे,” एक जण मला ऐकू जाईल अशी म्हणाली.

“राबताना तोंड गप असतं,” दुसरी म्हणाली. “हितं ते बी चालतं.”

ब्लडप्रेशर मोजायच्या आधी पाच मिनिटं न बोलता बसावं लागतं. त्या पाच मिनिटांत मी घामाघूम झाले. एक गप्प झाली की दुसरीला हसू फुटे. सुरेखाताईंनी शेवटी दम भरला, “जी बोलंल तिचा आकडा मी सासूला सांगीन.” मग शांत झाल्या.

आकडे चांगले आले. सगळ्यांचे नाही, पण बऱ्याच जणींचे. एक म्हातारी मात्र मिठावरून भांडत होती. ताटात डावीकडे वर मीठ वाढायचं आणि मगच बाकीचं, ही आपली रीत. ताईंनी ते बंद करायला सांगितलं होतं.

“पानात मीठ नाय? सुतक हाय काय घरात?” म्हातारी म्हणाली. “माणूस गेला की अळणी खातात. जित्या माणसाला कोन अळणी वाढतं?”

सुरेखाताईंनी त्यावर तोड काढली होती. मीठ वाढायचं, पण चार खडे. पानात रीत राहिली, पोटात कमी गेलं. हे आमच्या कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. मी लिहून घेतलं.

दुपारी त्यांनी पोपटी लावली. नव्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, थोडा ओवा, मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी अजिबात नाही. पाल्याचा कडवट वास बोटांना दिवसभर राहतो. हिवाळ्यात या भागात गेलात आणि कोणी बोलावलं तर नाही म्हणू नका. मी पोटभर खाल्ली आणि वाटलं, काकीच्या गावात ताई आली की तिथेही अशीच पलटण निघेल. काकी सगळ्यांत पुढे असेल आणि पाच मिनिटं गप्प बसणं तिला तर जमणारच नाही.

तिसऱ्या दिवशी रोह्याहून पेणची एसटी धरली. नागोठण्यापासून पुढे महामार्गाची धूळ आहे, तोंडाला ओढणी बांधा. वडखळला उतरून वडापाव खाल्ला. अलिबागला जाणारे पर्यटक तिथे गाड्या थांबवून कांद्याच्या माळांचा भाव करत होते. तिथून खाडीकाठच्या गावाला रिक्षा करावी लागते. परतीची रिक्षा मिळत नाही, त्यामुळे चालकाचा नंबर घेऊन ठेवा.

मिठागरांत पाणी चकाकत होतं. बांधावर मिठाचे ढीग होते, पण माणूस कोणी दिसेना. रिक्षावाला म्हणाला, “आज काम बंद दिसतंय.” भर हंगामात काम बंद का, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

काकीच्या ओटीवर पुरुष बसले होते. तिची सून मनीषा दारात आली आणि मला बघून तिथेच थांबली.

“आई गेली गो बाय,” ती म्हणाली. “आज सहावा दिस.”

मी उंबऱ्याबाहेरच बसले. मनीषा सांगत राहिली. मिठागरावर डोक्यावर पाटी घेतली आणि एक हात उचलेना. तोंड वाकडं झालं. पेणला नेईपर्यंत शुद्ध गेली.

“आणि गोळ्या?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

“पयल्या आनल्या त्या घेतल्या. सरल्या तवा डोकं दुखायचं थांबलं हुतं. मी बोलले, पेनला जाऊन आना. तर म्हनाली, एक दिस खाडा कशाला? वर्सानं ताई येनार हाय घरी, तीच आनंल. तवापासून रोज घेईन.”

काकीचा नवरा धर्माकाका आतून बाहेर आला. त्याने माझ्या खांद्यावरची यंत्राची पिशवी बघितली.

“मापायला आलीस?”

“आज नाही, काका. मी परत येईन.”

“लांबून आलीस. माप. तिला आवडायचं तुजं यंत्र.”

मनीषा म्हणाली, “सुतकातल्या मानसाला शिवशील तू?” मी हो म्हटलं. ती सगळी वस्ती एकाच आडनावाची, एकाच भावकीतली. एकेक जण येऊन बसला. पाच मिनिटं गप्प राहायला कोणालाच सांगावं लागलं नाही.

आकडे खाली होते. मागच्या फेरीपेक्षा खाली, जवळजवळ सगळ्यांचे. दुसऱ्यांदा मोजलं तरी तेच. जिथे कार्यक्रम गेलेला नाही, तिथे आकडे कसे उतरतील? यंत्र बिघडलं म्हणावं तर माझा स्वतःचा आकडा नेहमीचाच येत होता.

मग त्यांची जेवायची वेळ झाली. मला तिथे जेवू घालता येत नव्हतं, म्हणून मनीषाने पलीकडच्या दुसऱ्या आडनावाच्या घरी चहा सांगितला. उठताना मला त्यांची पानं दिसली. भात आणि पांढरी पातळ डाळ. फोडणी नाही, हळद नाही. डावीकडची वरची जागा रिकामी.

रोह्याची म्हातारी आठवली. पूर्ण भावकी सहा दिवस अळणी खात होती, कामावर गेली नव्हती, उन्हात राबली नव्हती. आमच्या कार्यक्रमाने जे करायचं ते काकीच्या जाण्याने झालं होतं, आणि माझ्या यंत्राने ते सुधारणा म्हणून दाखवलं.

चहाच्या घरून मी सरांना फोन केला. सर आमच्या गटाचे प्रमुख, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हे आकडे धरायचे नाहीत. सुतक फिटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजू,” ते म्हणाले.

“आणि ज्यांचे आकडे पहिल्याच फेरीत खूप वर आले होते, ते? तेही वर्ष थांबणार?”

“त्यांना दवाखान्याचं पत्र दिलंय ना आपण?”

“काकीलाही दिलं होतं, सर. ज्यांचे आकडे तसे वर आहेत, त्यांच्या घरी ताई आत्ताच जाऊ दे. बाकीचं फिरणं, मीठ, सगळं वर्षाने होऊ दे.”

“मग दोन गावांतला फरक पुसट होईल. कार्यक्रमाचा उपयोग झाला, हे सिद्ध करणं अवघड जाईल. आणि सिद्ध झालं नाही तर पुढच्या गावांना काहीच मिळणार नाही.”

हे चूक नव्हतं. म्हणूनच मला रडू आलं. मी म्हटलं, “फरक पुसट होऊ दे, सर.” मग ते म्हणाले, “कारणं देऊन लिहून पाठव. मी संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे ठेवतो.”

निघताना धर्माकाका रस्त्यापर्यंत आला. तो म्हणाला, “तुजा काय दोष नाय गो. जा, गाडी चुकंल.”

परतीला पेणहून खोपोलीची एसटी घेतली. गागोद्याच्या आसपास रस्ता शेतांतून जातो, दोन्ही बाजूंना वालाची शेतं. हा टप्पा सुंदर आहे असं मागच्या वेळी मी याच ब्लॉगवर लिहिलं होतं. या वेळी मांडीवर पिशवी ठेवून त्यावर सरांना पाठवायचा मजकूर लिहीत होते, बाहेर फारसं पाहिलं नाही.

घरी आईने विचारलं, “भेटली का तुझी काकी?” मी सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, “मग आता तुमचं संशोधन बंद?” मी नाही म्हटलं. बंद करून कोणाला काय मिळणार? मोजल्याशिवाय कळत नाही, यावर माझा अजून विश्वास आहे. पण तुलनेसाठी कोणीतरी थांबायचं असतं हे मी कागदावर शिकले होते, आणि त्या थांबलेल्या माणसाच्या घरी मी राहून आले होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत. बसवायचा प्रयत्नही मी सोडलाय.

समितीने बदल मान्य केला. ज्यांचे आकडे फार वर आहेत त्यांच्याकडे आता सगळ्याच गावांत ताई जाते. सुतक फिटल्यावर माझी सहकारी पुन्हा मोजायला गेली, तेव्हा भावकीचे आकडे पूर्वीच्या जागी परत आलेले होते, आणि धर्माकाकाचा सगळ्यांत वर. त्याच्याकडेही ताई सुरू झाली.

परवा मनीषाचा फोन आला. काका गोळी घेतो, एक दिवस चुकवत नाही. ताई दर सोमवारी ठरल्या वेळेला येते, पण ती ओटीवर चढली की तो दर वेळी एकच वाक्य म्हणतो.

“उशीर केलास गो.”