तुरुंगात शिरलेली टाकी

गावाच्या मध्यावरचा जुना तुरुंग कित्येक वर्षं ओस पडला होता. तो फिटरच्या लेकीनं भाड्यानं घेतला. बिअर तिथंच बनवायची आणि तिथंच पाजायची, असा तिचा बेत. त्यापायी चांगली नोकरी सोडलेली. फिटरची उभी हयात दूध डेअरीत टाक्या बसवण्यात गेली होती. लेक म्हणाली, "बाबा, टाकीचं तुम्हीच बघा." झालं, गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

टाकी आली. क्रेननं ती तुरुंगाच्या दारापुढं उतरवली, आणि फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. कैद्यानं मान वाकवूनच आत शिरावं म्हणून बांधलेलं ते दार. टाकी त्याच्या दीडपट रुंद.

"बाबा, दार मोजलं होतंत ना?"

फिटरनं सगळं मोजलं होतं. फरशी, उतार, नळाची उंची. फक्त दार सोडून. कारण डेअरीत टाकी आधी बसायची आणि भिंती मग तिच्याभोवती उठायच्या. टाकी दारातून न्यायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याच्या बाई शेजारीच उभ्या. चौकटीवर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "हिचा टवका जरी उडाला, तरी परवानगी रद्द."

लेकीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात फिटरची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. "या तुरुंगात शिरायला एवढा धडपडणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," म्हणाली आणि आत डोकावली. "अहो, दाराशी काय झोंबताय? वर छप्पर आहे कुठं?"

छप्पर खरंच नव्हतं. सडके वासे बदलायचे म्हणून बाईंच्याच परवानगीनं कौलांसकट सगळं उतरवलेलं. सुतार पुढच्या आठवड्यात नवं चढवणार होता.

फिटर वर बघतच राहिला. "म्हणजे आपल्या डेअरीसारखंच की. टाकी आधी, छप्पर मग."

"जन्मभर तेच केलंत, आणि आज नेमके विसरलात," बायको म्हणाली.

बाई म्हणाल्या, "भिंतीला लागणार नसेल, तर माझी ना नाही."

क्रेननं टाकी उचलली. फिटर आत उभा राहून हातानं खुणा करत होता. टाकी भिंतीवरून तरंगत आली, इंचाइंचानं उतरली, आणि चारही पाय फरशीला टेकले. फिटर टाकीला पाठ लावून तिथंच मटकन बसला. लेक शेजारी येऊन बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

बाई वाकून आत आल्या. भिंती न्याहाळल्या. "कुठं खरचटलं नाही." मग आवाज खाली आणून लेकीला विचारलं, "पहिली बिअर कधी?"

"छप्पर झालं की," बायकोनंच परस्पर सांगून टाकलं आणि ती फिटरकडं वळली. "आणि त्यानंतर टाकी बदलायची टूम काढलीत, तर तुम्हालाच कोठडीत घालीन."